कॅम्पर व्हॅनसाठी कापडी पताका आणि माळा: झोळ येतो, रंग उतरतो, हुक सुटतात

सुईदोरा_बोरिवली

व्हॅनची मागची केबिन आतून ३ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद आहे. भिंती आणि छत ९ मिमी प्लायचं, त्यावर ऑफ-व्हाइट रंग. आतली सजावट शॅबी चिक ठेवायची आहे: घासून काढलेला पांढरा रंग, फिकट गुलाबी-हिरवी फुलं, लेस. छताच्या कडेने चारही बाजूंना पताका, मागच्या दाराला तोरण आणि गादीच्या डोक्याशी एक जाडसर माळ, असा बेत आहे.

नमुन्यादाखल दीड मीटरची माळ शिवून पाहिली. उरेब (धाग्याला तिरकी कापलेल्या) पट्टीवर शिवली होती, ती दोन दिवसांत मधोमध लोंबायला लागली. पहिल्याच धुण्यात लाल चौकड्यांचा रंग पांढऱ्या त्रिकोणांवर गेला. चिकट हुक तर गाडी उन्हात उभी असताना दुपारीच खाली. कापड किती घ्यावं, पट्टी कोणती, टांगायचं कशावर? आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे सगळं टिकतं का?

टीप_सरळ

आधी पट्टी. उरेब कापलेली पट्टी ताणली जाते, म्हणूनच ती गळ्याला आणि मुंढ्याला लावतात. पताका सरळ रेषेत टांगायच्या आहेत, तिथे तोच गुण दोष ठरतो. २५ मिमी रुंदीची सुती विणीव फीत घ्या, मधोमध दुमडून आधी इस्त्री करून ठेवा. फीत मिळाली नाही तर कापडाच्या उभ्या धाग्यावर ५ सेंमीच्या पट्ट्या कापून चौपदरी दुमडा.

एकच लांब माळ करू नका. दोन ३ मीटरच्या आणि दोन १.६ मीटरच्या अशा चार वेगळ्या करा. मागचं दार उघडताना फक्त एक बाजू सोडता येते, आणि धुवायलाही सोपं.

माप: तयार त्रिकोण १४ सेंमी रुंद, १७ सेंमी उंच. दोन त्रिकोणांत ४ सेंमी मोकळे. ३ मीटरमध्ये १६ त्रिकोण बसतात आणि दोन्ही टोकांना ८-८ सेंमी उरतात. १.६ मीटरमध्ये ८ बसतात, टोकांना १०-१० सेंमी. एकूण ४८. प्रत्येक टोकाला बांधायला २० सेंमी फीत जास्त सोडा, म्हणजे सगळी मिळून साधारण ११ मीटर.

कापायचा साचा पुठ्ठ्याचा करा, १६.५ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच. बाजूंना पाऊण सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) आणि वर फितीत जाणारा १ सेंमी यात धरला आहे. टोकाला माया जास्त लागते, कारण तिथे कोन अरुंद असतो. म्हणून उंची इतकी वाढते. ११० सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडावर २० सेंमीची आडवी पट्टी आखून साचा एक सुलटा, एक उलटा असा फिरवला की एका पट्टीत १२ त्रिकोण निघतात. पुढच्या बाजूचे ४८ म्हणजे चार पट्ट्या, ८० सेंमी. मागच्या बाजूला साधं पांढरं कापड, तेवढंच. आटणं धरून दोन्ही एकेक मीटर घ्या. मात्र छाप एकाच दिशेचा असेल (देठ खाली, फूल वर) तर साचा उलटा फिरवता येत नाही आणि कापड जवळजवळ दुप्पट लागतं. विखुरलेल्या फुलांचा छाप घेतलात तर हा प्रश्नच येत नाही.

त्रिकोणाची मधली रेषा उभ्या किंवा आडव्या धाग्यावरच हवी. तिरकी गेली तर एक बाजू ताणते, दुसरी ताणत नाही, आणि पताका गिरकी घेतल्यासारखी वळते.

शिवताना १४ नंबरची सुई आणि अडीच मिमीचा टाका. टोकापासून २ सेंमीवर टाका दीड मिमी करा आणि टोकावर थेट व्ही न करता दोन टाके आडवे घाला. मग माया टोकाशी ३ मिमीपर्यंत छाटा. आडवे टाके नसले तर आत कापड मावत नाही आणि टोक गाठोड्यासारखं गोल येतं. उलटवायला विणकामाची सुई वापरा; कातरीचं टोक घातलंत की भोक पडलंच. फितीत घालताना टाचण्यांपेक्षा क्लिपा बऱ्या, आणि मशीनखालून जाताना फीत मागून ओढू नका, चुण्या पडतात.

आता झोळ. दोन हुकांत ७५ सेंमी अंतर असेल आणि झोळ ५ सेंमी हवा असेल तर फीत फक्त १ सेंमी जास्त लागते. अंदाजाने दहा टक्के सोडलंत तर झोळ १४-१५ सेंमी होतो आणि पताकेचं टोक बसलेल्या माणसाच्या कपाळाला लागतं. म्हणून दर चार त्रिकोणांनंतरच्या मोकळ्या जागेत फितीच्या मागे दोऱ्याची कडी घाला आणि हुक तिथे. कोपऱ्यातले हुक दोन्ही माळांना चालतात, म्हणजे सगळे मिळून १२ हुक.

जुनेर

मापांवर बोलायला काही उरलं नाही. कापडाबद्दल सांगतो.

धुणं कापायच्या आधी, शिवल्यावर नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि फीत वेगळ्या प्रमाणात आटते. शिवून मग धुतलंत तर फितीवर चुण्या पडतात. लाल, मरून आणि गडद निळ्याची चाचणी अशी: कोपरा ओला करा, त्यावर पांढरं सुती कापड ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर डाग उमटला तर ते कापड या कामातून बाद. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात, पण सुती कापडावरचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. तसंही लाल चौकडी शॅबी चिकमध्ये ओरडते. फिकट गुलाबी, शेवाळी, करडा-निळा आणि मळकट पांढरा एवढे रंग पुरे.

जुनं दिसण्याची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे छापील कापड उलटं वापरा. मागच्या बाजूला तोच छाप फिका दिसतो, उन्हात वर्षं काढल्यासारखा. ब्लीच नको. धागा कमजोर होतो, आणि ब्लीचवर व्हिनेगर घालाल तर क्लोरीन वायू सुटतो.

पांढरं अस्तर आणि लेस कोऱ्या पांढऱ्या रंगात डोळ्यात खुपतात. १ लिटर पाण्यात ४ मोठे चमचे चहापत्ती ५ मिनिटं उकळा, गाळा, आधी भिजवून पिळलेलं कापड त्यात २० मिनिटं हलवत ठेवा. कोरडं कापड टाकलंत तर डाग-डाग येतात. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर दोन छटा उतरतो. भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून करडा-काळा रंग देतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर लेस चहाने नीटशी रंगत नाही, म्हणून भुलेश्वरला लेस घेताना सुतीच मागा. कडेचा एक धागा जाळून बघितला तर लगेच कळतं: सुती जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून गोळी होते.

कापड मंगळदास मार्केटमध्ये घ्या. तुम्हाला तिथे हवं ते फुलाफुलांचं कापड म्हणजे आपलं चीटच. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्द त्याच कुळातला, आणि ते कापड तिकडे इतकं खपलं की इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावर बंदी घालावी लागली. आता तेच विलायती गुलाब म्हणून आपल्याला परत विकतात.

सुईदोरा_बोरिवली

उलटं कापड हे डोक्यातच आलं नव्हतं. घरात एक जुनी सुती नऊवारी आणि दोन रेशमी काठ आहेत, ते पताकांत चालतील का? आणि तोरणाला व माळेला काय वापरू? सुतळीवर कागदी गुलाब लावायचा विचार होता.

चिंधीवाली_ताई

नऊवारीचं अंग चालेल, पण उजेडासमोर धरून बघा. जिथे जाळी दिसते तिथला भाग सोडा, नाहीतर शिवणीतच फाटेल. विरळ पण अख्खं असेल तर मागे अस्तर असल्याने निभतं. रेशमी काठ नको. जुनं रेशीम घडीवर चिरतं, जरीची तार दमट हवेत काळी पडते, आणि काठ जड असल्याने तो त्रिकोण एकटाच खाली ओढला जातो. फारच वाटलं तर मागच्या दाराच्या तोरणात एकच पट्टी, सपाट.

कागदी गुलाब आणि सुतळी दोन्ही रद्द करा. जूनमध्ये कागद ओल धरून मऊ पडतो, पाकळ्या गळतात. सुतळीला बुरशी लागते आणि बंद गाडीत तिचा वास घर करतो. ४ मिमीची सुती दोरी घ्या.

जाडसर माळेला चिंध्यांची माळ सगळ्यात बरी. मलमल किंवा पातळ सुती कापड, कातरीने नव्हे, हाताने फाडायचं. कडेला छोटा छेद देऊन पन्हाभर आडवं फाडा, २ सेंमीच्या पट्ट्या निघतात आणि कडेला दोरे सुटतात तेच हवंय. प्रत्येक पट्टीचे २२ सेंमीचे पाच तुकडे. ३० सेंमी कापडातून ७५ तुकडे येतात आणि तेवढ्यात साधारण १ मीटर माळ भरते. दोरी दोन खुर्च्यांत ताणून बांधा, तुकडा मधे दुमडून फास घाला (दोरीमागून घडी, दोन्ही टोकं घडीतून बाहेर) आणि खाली ओढा. साधी गाठ मारलीत तर टोकं आडवी उभी राहतात, ब्रशसारखी. दर आठ-दहा तुकड्यांनी एक लेसचा घाला. सगळ्या चिंध्या बांधून झाल्यावरच टोकं कापा, आधी मोजून एकसारखी कापलेली माळ झाडूसारखी दिसते.

फुलं हवीच असतील तर कापडी गुलाब. ५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांब पट्टी लांबीत दुमडा, सुरुवातीचे ४ सेंमी घट्ट गुंडाळून बोंड करा, मग दर वळणाला पट्टी बाहेरच्या बाजूला पिळत गुंडाळत जा. प्रत्येक वळण खालून दोन टाक्यांनी धरा. सैल धरलं तर मधलं बोंड निसटून वर येतं. खाली ३ सेंमीचा फेल्टचा गोल आणि हातशिलाई. ग्लू गनने पटकन होतं हे खरं, पण उन्हात बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि गुलाब एकेक करून गादीवर येतो.

तोरण मात्र आपल्या पद्धतीनेच करा. दसऱ्याच्या तोरणात दोन फुलांमधे पान येतं तसं दोन गुलाबांमधे फेल्टचं आंब्याचं पान. मधे किंचित लांब, कडांना आखूड. पान ९ सेंमी, मधल्या शिरेवर धावदोरा घातला की ते थोडं वळतं आणि जिवंत वाटतं.

वायरमन_व्हॅन

हुक सुटायचं कारण उष्णता. चिकट हुकाचा गोंद तापला की मऊ पडतो, आणि वजन थोडं असलं तरी सतत असतं. प्लाय ९ मिमी आहे ना, मग छोटे कप हुक (स्क्रूसारखे फिरवून बसवायचे) लावा. आधी दीड मिमीचं भोक, खोली ६ मिमीच. ड्रिलच्या पात्याला तेवढ्यावर टेप गुंडाळा, म्हणजे पलीकडे वायर असली तरी तिला लागणार नाही. तरीही प्लायमागे वायरिंग कुठून गेलंय याचा फोटो किंवा नकाशा बघूनच सुरू करा. उघडा लोखंडी पत्रा आहे तिथे १० मिमीचे निओडिमियम चुंबक कापडात शिवून लावा. उघडे ठेवलेत तर रंगावर ओरखडे येतात आणि दमट हवेत गंजाचा डाग पडतो.

मागच्या दाराची माळ दाराच्या पल्ल्यावर नको, चौकटीवरच. पल्ल्यावर लावली तर दार बंद करताना टोकं रबरी पट्टीत अडकतात, आणि पावसात तेच कापड वातीसारखं पाणी आत ओढतं.

आणखी तीन गोष्टी, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पुढच्या काचेवर आणि आरशाला काही टांगू नका. गाडीला बाजूच्या पडदा एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर त्या पट्ट्यावर हुक नको. शेगडीच्या वर आणि दोन्ही बाजूंना किमान ६० सेंमी कोणतंही कापड नको. जाळीची पॉलिएस्टर लेस तर तिथे अजिबात नको, ती पेटते आणि वितळून ठिपकते.

पताकांत दिव्याची लडी गुंफणार असाल तर ५ व्होल्टची यूएसबीवाली, तांब्याच्या तारेची एलईडी घ्या. लोहार चाळीत मिळते. गाडीच्या १२ व्होल्टला थेट जोडलीत तर दिवे जळतील. मधे यूएसबी चार्जर आणि त्याच्या वायरला फ्यूज हवा. तार फितीच्या मागे सैल टाक्यांनी धरा, फितीच्या आत शिवू नका, नाहीतर धुवायच्या वेळी सगळं उसवावं लागेल.

जुनेर

पावसाचं राहिलं. खळ किंवा कांजी घालून पताका कडक करायचा मोह होईल, करू नका. खळीवर बुरशी धरते आणि कसर लागते. कडकपणा हवाच तर अस्तरात पातळ चिकट कॅनव्हास इस्त्रीने बसवा, पण फक्त एका थरात.

जूनच्या सुरुवातीला सगळं उतरवून जाळीच्या पिशवीत हाताने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. इस्त्री फिरवून गार होऊ द्या, मगच सुती पिशवीत भरा. गरम असतानाच पिशवी बांधलीत तर आतच घाम धरतो. प्लास्टिकची पिशवी नको. माळा घडी न करता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. पावसात गाडी वापरणार असाल तर छताच्या कडेच्या पताका राहू द्या, पण खिडकीच्या काचेला टेकणारी प्रत्येक गोष्ट काढा. काचेवर आतून दव धरतं, आणि पहिला काळा ठिपका तिथूनच येतो.

सुईदोरा_बोरिवली

एक शेवटचं. ४ सेंमी मोकळी जागा न ठेवता त्रिकोण चिकटून लावले तर?

टीप_सरळ

त्रिकोण ६४ लागतील, आणि कोपऱ्यांवर दोन टोकं एकमेकांवर चढतील. शिवाय कड्यांना जागा उरत नाही, त्रिकोणाच्याच डोक्यावर हुक येतो आणि तो मागे कलतो. चिकटून हवेच असतील तर फक्त १.६ च्या दोन बाजूंना करा आणि कडी टाकायला मधोमध ४ सेंमी मोकळे ठेवा. मग त्या बाजूला ८ ऐवजी १० त्रिकोण आणि टोकांना ८-८ सेंमी.