चीज, पापुद्रे आणि पार्टी: ओव्हनमधल्या सोप्या स्टार्टर्सचे अनुभव लिहा

पुढच्या शनिवारी आमच्याकडे पंचवीस माणसं आहेत. नवऱ्याची रिटायरमेंट. दाल-बाफले बाहेर सांगितलेत, तो प्रश्न मिटला. पण साडेसात ते नऊ लोकांच्या हातात काय द्यायचं? इंदूरच्या माणसाला कचोरी दिली की पहिल्याच घासाला तो ती सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या कचोरीशी ताडून बघतो, तिथे आपण हरणारच. म्हणून या वेळी तळण बंद. चीज आणि खारीसारखे पापुद्रे, एका घासाचं, ओव्हनमधलं काहीतरी हवंय.

ज्यांनी घरी केलंय त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मागच्या मे महिन्यात भर दुपारी मी पफ पेस्ट्री लाटायला घेतली. बाहेर बेचाळीस, आणि स्वयंपाकघर पश्चिमेचं. दुसऱ्या घडीलाच लोणी पिठातून बाहेर. पोळपाटाला लोणी, लाटण्याला लोणी, कोपरापर्यंत लोणी. तरी हट्टाने ट्रेमध्ये ठेवलं. पापुद्रे सुटायच्या ऐवजी प्रत्येक चौकोन स्वतःच्याच लोण्यात तळून निघाला. मुलगा म्हणाला, "आई, मठऱ्या मस्त झाल्यात."

रामबागवाली
ताई, पंचवीस माणसांना पफच्या वाटेला जाऊच नका. चीज काड्या करा. मनात खारी शंकरपाळी धरा, फक्त मोहन तुपाऐवजी लोण्याचं आणि जोडीला चीज.

माझं माप: मैदा २०० ग्रॅम, गार लोणी १०० ग्रॅम, किसलेलं चीज १०० ग्रॅम, अर्धा चमचा तिखट, भरडलेली मिरी. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. मूठ वळून बघा: मुटका टिकला पाहिजे आणि बोटाने दाबला की फुटला पाहिजे. मग चीज, आणि गार पाणी चमच्या-चमच्याने. मला तीन चमचे पुरतात. मळायचं नाही, गोळा झाला की थांबायचं. जास्त मळलं की काड्या चिवट होतात.

अर्धा तास फ्रीजमध्ये, मग जाडसर लाटून करंगळीएवढ्या काड्या. १८० अंशांवर पंधरा मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना मऊच लागतात, घाबरून परत आत ढकलू नका. पहिल्या वेळी मी ढकलल्या होत्या. कोळसा.

मीठ घालू नका. खारं लोणी आणि चीज मिळून पुरेसं होतं. बाहेर काढल्या-काढल्या वरून जिरावण (आपला पोह्यांवर भुरभुरवायचा इंदुरी मसाला) भुरभुरवा. पाहुणे विचारत राहतात, हे नक्की काय आहे.

ओटीजीवाली वहिनी
जिरावणाला +१. पण आधी नको, भाजताना त्यातला मसाला करपून कडू लागतो.

स्कीम ७८
मी तयार शीट आणते, लाज वाटत नाही. घरचं पफ हे सहा वेळा लाटून दर वेळी तीन पदरी घडी घालायचं काम. हिशेबाने लोण्याचे ७२९ थर. नोकरी करून कोण घालणार ते?

दोन गोष्टी मात्र शिकले. गोठलेली शीट ओट्यावर ठेवून सोडवायची नाही, रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात टाकायची. आणि वरून दुधाचा हात फिरवताना कापलेल्या कडेवर थेंबही जाऊ द्यायचा नाही. कड चिकटली की ती बाजू फुगतच नाही, पॅटिस लंगडं होतं.

चिरोटेवाल्या सासूबाईंची सून
जरा मोठं लिहिते, कारण हे फ्रीजरच्या शीटमुळे मागे पडलंय.

गेल्या गणपतीत सासूबाई चिरोट्यांचा साटा फेसत होत्या. तूप आणि तांदळाची पिठी, हाताने गोल गोल, पांढरं हलकं होईपर्यंत. मी नुकताच पफचा व्हिडिओ बघितला होता. म्हटलं, आई, हे तेच की! पिठाचा थर, तुपाचा थर. त्या म्हणाल्या, "मग तुला काय वाटलं, शोध तिकडे लागला?"

फरक आहे, पण आपल्या सोयीचा. पफमध्ये लोण्यातलं आणि पिठातलं पाणी गरम ओव्हनमध्ये वाफ होतं, ती वाफ थर उचलते, म्हणून ते फुगतं. साट्यात पाणी जवळपास नाहीच, त्यामुळे चिरोटे तसे फुगत नाहीत. पापुद्रे मात्र सुटतात, कारण साट्यातलं तूप आणि पिठी दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. आणि साटा लोण्यासारखा पळत नाही. धागा काढणाऱ्या ताईंनी मे महिन्यात हे केलं असतं तर वाचल्या असत्या.

आम्ही तीन पातळ पोळ्या एकावर एक रचल्या. प्रत्येकीवर साटा, वरून ओवा आणि बारीक किसलेलं चीज. घट्ट गुंडाळी केली, बोटभर तुकडे कापले, कापलेली बाजू वर ठेवून हलकेच लाटले. जोर लावला की थर गेले. ट्रेवर १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. पहिल्या घाण्यात चीज कडेने बाहेर येऊन करपलं, म्हणून दुसऱ्या वेळी पोळीच्या कडा बोटभर कोऱ्या सोडल्या. सासूबाईंनी एक खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाल्या, "साखर नाही तर चिरोटे म्हणू नका." आमच्याकडे आता त्याचं नाव नुसतं 'ते' आहे.

एकटाच_पुरुष_इथे
मी गुजेर करतो. फ्रान्समधल्या बर्गंडीकडचा चीजचा फुगा, आतून पोकळ. पाणी २५० मिली, लोणी १०० ग्रॅम उकळायचं, त्यात १५० ग्रॅम मैदा एकदम टाकून उकडीसारखं घोटायचं. मोदकाची उकड येत असेल तर हेही येईल. पातेल्याची कड सोडली की उतरवा, कोमट झालं की चार अंडी एकेक करून, मग १०० ग्रॅम चीज. चमच्याने छोटे ढीग, २०० अंश, पंचवीस मिनिटं.

ओव्हनचं दार उघडायचं नाही. मी अठराव्या मिनिटाला बायकोला दाखवायला उघडलं. आमच्या डोळ्यांदेखत सगळे बसले, सभा संपल्यासारखे.

अर्थात अंडं आहे. तुमच्याकडे काका-आत्या येणार असतील तर सोडा.

धागाकर्ती
काका-आत्या येणार आहेत. सोडलं.
चीज कोणतं घेऊ, ते सांगा कुणी. घरी नेहमीचे क्यूब आहेत.

स्कीम ७८
क्यूब काड्यांना उत्तम, चवीला खारट आणि किसायला सोपं. पण तार येणार नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेल्या क्षारांमुळे ते तूप न सोडता गुळगुळीत वितळतं, ताणलं जात नाही. मोझरेलात साकळलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात ताणून मळलेला असतो, म्हणून त्याला तार. सारणात दोन्ही अर्धं-अर्धं घ्या: तार मोझरेलाची, चव क्यूबची.

रामबागवाली
सारणाला भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस घ्या ना! नेहमीसारखा तुपात हिंग-जिरं-मिरची घालून, पण दूध निम्मंच, आणि कढईत गोळा फिरेपर्यंत कोरडा करा. पूर्ण गार झाल्यावरच भरा. मी एकदा कोमट भरला, खालचा पदर ओला कच्चा राहिला. वरून देखणं आणि खालून लापशी.

आजीची नात, राजेंद्रनगर
माझा अनुभव विनोदीच. दादाने पुण्याहून ब्री नावाचं मऊ चीज आणलं. ते अख्खं पफच्या शीटमध्ये गुंडाळून भाजलं, कापलं की आतून साईसारखं वाहतं. वरची पांढरी साल म्हणजे खायचीच बुरशी असते. आजीने हे ऐकलं आणि 'बुरशी' शब्दावर सुरीने सगळी साल खरवडून काढली. मग आतलं चीज साखरआंब्याबरोबर खाल्लं आणि म्हणाली, "खरवस बिघडला की असा लागतो, पण छान आहे." तेव्हापासून मी पण साखरआंब्याबरोबरच वाढते. गोडखारट जमतं.

ओटीजीवाली वहिनी
कोणी लिहिलं नाही म्हणून: लाइट! माझ्या भाचीच्या वाढदिवसाला ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन), गीझर आणि इस्त्री एकदम चालू होती. एमसीबी पडला, चाळीस पॅटिस अर्धे फुगून थंड. इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही, तेवढी ताकद नसते त्यात. तेव्हापासून मी सगळं आदल्या दिवशी भरून, कच्चंच ट्रेवर गोठवते, कडक झालं की पिशवीत. पाहुणे आले की फ्रीजरमधून थेट ओव्हनमध्ये, चार-पाच मिनिटं जास्त. आणि ओव्हन आधी पूर्ण तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये लोणी आधी वितळतं, वाफ नंतर होते, तोवर खेळ संपलेला.

धागाकर्ती, रविवार सकाळ
काड्या दीडपट मापाने, कीस भरलेले त्रिकोण साठ, आणि 'ते' वीस. त्रिकोण शुक्रवारी गोठवले होते. गीझरवर मुलाला पहाऱ्याला बसवलं. तीन त्रिकोण फुटले, ते स्वयंपाकघरातच संपले. आत्या त्रिकोण हातात घेऊन म्हणाल्या, "तळलेलं नाही? मग चव कशी आली?" 'ते' सगळ्यात आधी उडाले, मला एकही मिळाला नाही.

काड्या थोड्या उरल्या. आज सकाळी पोहे केले आणि डब्यात शेव नव्हती, म्हणून काड्यांचा चुरा वरून घातला. कोणी काही विचारलं नाही. नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतले.