मुंबईजवळ सपाट जंगलवाटा आणि तलावकाठ सुचवा (चढ नको, गुडघे आहेत!)

मुलुंडची_मनी

मंडळी, सल्ला हवाय.

बाबा ७१ वर्षांचे, पालिकेच्या जलखात्यातून निवृत्त. मागच्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता सपाटीवर तासभर छान चालतात, पण पायऱ्या उतरायची वेळ आली की त्यांचा चेहरा बघवत नाही. आईला बिल्डिंगच्या आवारातल्या फेऱ्यांचा वीट आलाय. बाबांची फर्माईश एवढीच की झाडी पाहिजे आणि पाणी दिसलं पाहिजे.

गेल्या महिन्यात एका ट्रेकवाल्या ग्रुपबरोबर गेलो होतो. "अगदी सोपं आहे हो, आजी-आजोबासुद्धा येतात" म्हणाले. पहिल्या दहा मिनिटांतच ओढ्यातले शेवाळलेले गोटे आले! तिथूनच परत फिरलो, आणि बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

चार-पाच किलोमीटर पुरे. गाडी नाही, लोकल, एसटी, रिक्षा काहीही चालेल. स्वच्छतागृह हवं. दुपारी जेवायला घरी आलो तर उत्तम, नाही आलो तरी हरकत नाही.

कान्हेरीचा_शेजारी

नॅशनल पार्क. बोरिवली पूर्वेला स्टेशनपासून रिक्षा केली की झालं.

मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये ओढ्यांवरचे पूल, सुरुवातीचा बराच भाग जवळजवळ सपाट. शेवटी कान्हेरीकडे चढ लागतो. तुम्ही तिथवर जायचंच कशाला? दोन-अडीच किलोमीटर जायचं, पुलाच्या कठड्यावर बसून डबा खायचा (माकडांवर एक डोळा ठेवून) आणि मागे फिरायचं. कोणीतरी सांगेलच की पार्कातल्या बसने वर जा आणि चालत खाली या. अजिबात ऐकू नका. बदललेल्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट.

कान्हेरी बघायचीच असेल तर जाता-येता बस. लेणी शंभरावर आहेत आणि पायऱ्याही भरपूर, पण तीन नंबरचं चैत्यगृह प्रवेशाजवळच आहे. बाबा जलखात्यातले म्हणता ना? मग त्यांना तिथल्या पोढी दाखवा. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी खडकात कोरलेल्या टाक्यांत साठवायची सोय भिक्षूंनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. आमचे एक शेजारी प्लंबिंगचं काम करतात, ते बुद्धमूर्ती सोडून तासभर नुसत्या त्या पन्हळी बघत होते.

सोमवारी पार्क बंद असतो. दरवर्षी कोणीतरी सोमवारी जाऊन फाटकाचा फोटो टाकतंच.

भटकभवानी

+१. पण शिलोंडा ट्रेल कोणी सुचवली तर नाही म्हणा. सुंदर आहे, माहितगार माणूस बरोबर देतात, फुलपाखरं दिसतात, सगळं खरं. पण वाट ओढ्यातून आहे, म्हणजे परत तेच गोटे.

टाकीवरचा_माणूस

हँगिंग गार्डन!

हसू नका. मलबार हिलची ती बाग पाण्याच्या टाकीवरच आहे. चार-पाच किलोमीटर होतील, फक्त गोल गोल फिरावं लागेल आणि पाणी पायाखाली असल्याने दिसणार नाही.

मुलुंडची_मनी

@टाकीवरचा_माणूस, बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "याला विचार, टाकीत उतरलाय का कधी?"

टाकीवरचा_माणूस

काकांना साष्टांग नमस्कार. बरं, आता खरंच सुचवतो. त्याच बागेजवळ २०२५ च्या मार्चमध्ये पालिकेने झाडीतून जाणारी लाकडी उन्नत वाट उघडली. लांबी ४८५ मीटर. जमिनीवरून नाही, झाडांच्या खोडांमधून चालतो आपण, आणि टोकाला समुद्र दिसतो. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. भटकंती म्हणणार नाही मी तिला, पण आईंना आवडेल.

पवईवाला

पवई राहिलंच की. मुलुंडहून किती जवळ! रस्त्याच्या बाजूचा काठ पूर्ण सपाट. संध्याकाळी पाणकावळे, बगळे, नशीब असेल तर मगरही.

भटकभवानी

पवईला जंगल कुठे आहे? एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याची वाहतूक. शिवाय त्यांना फिरायचंय, धूर खायचा नाहीये.

पवईवाला

म्हणूनच सकाळी सहाला जायचं. आणि काठावर सगळीकडून गोल सायकल ट्रॅक व्हायचा होता, तो २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून थांबवला. माझ्या मते चांगलंच झालं. मगरी ऊन खायला जिथे येतात तिथे आपण सेल्फी काढणार होतो. त्यामुळे पूर्ण प्रदक्षिणा होत नाही, जेवढा काठ मोकळा आहे तेवढाच.

गोरेगावकर_जुने

आरे कॉलनीबद्दल कोणी काही बोलत नाही म्हणून लिहितो. चाळीस वर्षं तिथे फिरतोय. छोटा काश्मीर बागेतल्या तळ्याभोवती तुमच्या बाबांना जमेल, पण मुख्य रस्त्यावर गाड्यांची ये-जा इतकी वाढली आहे की चालण्यात मजा राहिली नाही. आतल्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा गोड आहेत, तिथे उजाडल्यावरच जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. बिबट्या आहे. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस लोकांवर हल्लेही झाले होते. पाड्यांवर वाघोबाला कोंबडं-नारळ देतात ते उगाच नाही.

त्यापेक्षा फिल्म सिटीच्या मागे बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) निसर्ग केंद्र आहे. तेहतीस एकर जागा, पार्कला अगदी लागून. आधी नाव नोंदवून जावं लागतं. बरोबरचा माणूस दर वीस पावलांवर थांबून काहीतरी दाखवतो, त्यामुळे चालणं आपोआप हळू होतं. गुडघेवाल्यांना हेच पाहिजे.

पायी_पायी

ताई, तुमचा प्रश्न थोडा बदलून बघू. "सपाट" हा शब्द ट्रेकवाल्यांना विचारायचाच नाही. जिथे दोर लागत नाही ते सगळं त्यांना सपाट. माझी आई ७६ ची, तिला घेऊन पाच वर्षं फिरतोय. आता मी तीनच गोष्टी विचारतो: पायाखाली काय आहे (डांबर, माती की दगड), परतीला उतार आहे का, आणि अर्ध्यातून परत फिरायचं झालं तर वाहन मिळतं का. उंची किती, अंतर किती, ते नंतर.

या हिशेबाने माझं उत्तर माथेरान.

डोंगर आहे हे कबूल. पण चढायचं कुठे आहे? नेरळहून शेअर टॅक्सी थेट दस्तुरीला सोडते. तिथून पुढे मोटारगाड्यांना बंदी. जवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल बाजारात नेते. बाजारापासून शार्लोट तलाव दोनेक किलोमीटर. जांभ्याची लाल मातीची वाट, डोक्यावर जांभूळ, हिरडा आणि अंजनीची सावली, भर दुपारीही ऊन लागत नाही. वाट अगदी टेबलासारखी नाही, मंद चढ-उतार आहेत, पण आई काठी न टेकता जाते. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, त्यामुळे आत उतरायचं नाही, काठावर बसायचं. शेजारी पिसारनाथाचं देऊळ. मागच्या खेपेला तिथेच शेकरू दिसलं, या फांदीवरून त्या फांदीवर, तांबडं शेपूट झुलवत. आई देवाला पाठ करून त्याच्याकडेच बघत बसली.

त्रास तीन. लाल धूळ (पांढरे कपडे घालू नका), घोड्यांची लीद आणि माकडं. माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज अर्ध्या मैलावरून कळतो. शनिवार-रविवारी जाऊ नका. शटलची रांग बघूनच गुडघा दुखेल.

शहापूरची_सून

काका जलखात्यातले आहेत आणि अजून तानसा तलावाचं नाव कोणी काढलं नाही? आश्चर्य आहे.

माझं सासर तिथलं. अभयारण्य मोठं, सागाचं जंगल, गाड्या तुरळक. दिवाळीनंतर गेलात तर तलाव काठोकाठ असतो. मे महिन्यात जाऊ नका. साग पूर्ण ओका झालेला असतो, सावली शून्य, आणि तलाव खाली गेला की चिखलाचे नुसते पट्टे दिसतात. कसारा लोकलने आटगावला उतरायचं आणि रिक्षा परतीसकट ठरवायची. हे फार महत्त्वाचं, तिकडे हात दाखवून रिक्षा मिळत नाही. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत. पण अलीकडच्या रस्त्याने झाडीतून हवं तेवढं चालता येतं. स्वच्छतागृहाचं मात्र कठीण आहे, शहापुरात उरकून घ्या.

पक्षी बघत असाल तर एक सांगते. रानपिंगळा, म्हणजे जो शतकभर कोणाला दिसलाच नव्हता आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, तो २०१४ मध्ये तानसातही मिळाला. आमच्याकडचे म्हणतात, आम्हाला माहीत होता, कोणी विचारलं नाही.

मुलुंडची_मनी

तानसाचं वाचलं आणि बाबा उठून बसले. गेला अर्धा तास मला इतिहास ऐकवतायत, तो इथे ओतते.

विहार तलाव १८६० चा, शहराचं नळाचं पहिलं पाणी तिथलं. मग तुळशी १८७९. तुळशी भरला की पाणी विहारात जातं, विहार भरला की मिठी नदीत. पवई १८९१ चा, पण त्याचं पाणी पिण्यालायक नाही, म्हणून "ते तलाव आमच्यात मोजत नाहीत". तानसा १८९२. तिथून पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने मुंबईपर्यंत येतं, हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू उतार त्यांनीच दिला.

मी विचारलं, मग विहार-तुळशीलाच जाऊ या की. तर म्हणाले, "पिण्याचं पाणी आहे ते. काठावर कोणाला सोडत नाहीत आणि सोडूही नये."

कान्हेरीचा_शेजारी

काकांना इथे सभासद करा.

पनवेलचा_पक्षी

कर्नाळा पण लिहून ठेवा. पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी अभयारण्याच्या दाराशी सोडते (कंडक्टरला आधी सांगा). किल्ल्याची वाट सोडायची आणि हरियाल नावाची छोटी निसर्गवाट घ्यायची, ती सोपी आहे. पाणी नाही, पण पक्षी भरपूर. आत प्लॅस्टिक नेलं तर दाराशी नोंद करून अनामत घेतात, बाटल्या परत आणल्या की पैसे परत. मोठी मोरटाक्याची वाट काकांना नको.

रानवाट_२२

बदलापूरजवळ बारवी धरण आणि कोंडेश्वर झकास आहे, पावसाळ्यात जा!!

पायी_पायी

नको. कोंडेश्वरच्या कुंडात दर पावसाळ्यात कोणीतरी बुडतं. पावसाळ्यात अशा धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकारी बंदी घालतात, पोलीस उभे असतात. ७१ वर्षांच्या माणसाला पावसाळ्यात ओल्या खडकावर न्यायचं काही कारण नाही. बारवीच्या रस्त्याला हिवाळ्यात गेलात तर वेगळी गोष्ट.

रानवाट_२२

बरोबर आहे. वय लक्षात घेतलं नाही.

मुलुंडची_मनी

सगळ्यांचे आभार. काल मंगळवारी नॅशनल पार्कला जाऊन आलो, म्हणून धागा वर काढते.

सव्वाआठला आत होतो. दुसऱ्या पुलापर्यंत गेलो, दीड तास बसलो, परत फिरलो. बाबा एकूण साडेचार किलोमीटर चालले, गुडघ्याने तक्रार केली नाही. आईचा डब्यातला थालीपीठाचा शेवटचा तुकडा माकडाने नेला. ती त्याला "अरे, लोणी तर लाव" म्हणाली. कारवी फुलेल का म्हणून बाबा झुडपं निरखत होते, मग तिथल्या रखवालदाराने सांगितलं की २०२४ ला फुलून गेली, आता आठ वर्षांनी. बाबा बोटांवर मोजायला लागले आणि म्हणाले, "बत्तीसला येऊ."

पुढच्या आठवड्यात माथेरान, बुधवारी. तानसा दिवाळीनंतर. @शहापूरची_सून, रिक्षावाल्याशी तुम्ही बोलून ठेवाल का? आणि @पायी_पायी, शटल चुकली तर अमन लॉजहून बाजारापर्यंत रुळांच्या कडेने आईला जमेल ना?

पायी_पायी

जमेल. तीनेक किलोमीटर आहे, सावलीत. फक्त घोडेवाल्यांना पहिल्या मिनिटालाच ठाम नाही म्हणा, नाहीतर बाजारापर्यंत शेजारून चालत येतात.

शहापूरची_सून

दिरांना सांगते. किती जण आहात ते कळवा, आणि जेवायला आमच्याकडेच या.