नव्या लॅपटॉपवरील विंडोज ११ काढून जुने विंडोज टाकावे का?

प्रश्न : छापखाना व अक्षरजुळणी, उदगीर

नमस्कार. उदगीर येथे आमचा लहानसा छापखाना असून लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि आसपासच्या गावांतील अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका हे आमचे मुख्य काम आहे. गेली अनेक वर्षे हे सर्व काम विंडोज ७ असलेल्या एका जुन्या संगणकावर, पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर आणि डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) लावून चालणारे मराठी अक्षरसंचांचे एक सॉफ्टवेअर यांच्या आधारे होत आले. या उन्हाळ्यात विजेचा दाब सतत कमीजास्त होत राहिला आणि तेव्हापासून तो संगणक कधी सुरू होतो, कधी होत नाही. त्यामुळे मागील आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला. त्यात १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि आधीच बसवलेले विंडोज ११ होम आहे.

लॅपटॉपवर पेजमेकर उघडते, परंतु मराठी सॉफ्टवेअर डोंगल ओळखत नाही आणि जुना लेसर प्रिंटरही जोडला जात नाही. अक्षरसंच नसल्यामुळे जुनी फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तेथील मुलगा पाचशे रुपयांत विंडोज १० किंवा विंडोज ७ टाकून देण्यास तयार आहे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल, त्यामुळे माझ्या हातात फार दिवस नाहीत. जुने विंडोज टाकून घ्यावे का, आणि टाकल्यास लॅपटॉपचे काही नुकसान होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : संगणक दुरुस्ती, नांदेड

विंडोज ७ चा विचार आपण सोडून द्यावा. ते २००९ सालचे असून त्याच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३ आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडी यांचे ड्रायव्हर (विंडोजला उपकरण ओळखू देणारे छोटे सॉफ्टवेअर) नाहीत, त्यामुळे बसवताना पेन ड्राइव्ह, माऊस आणि डिस्क यांपैकी काय दिसेल याचीच खात्री नसते. शिवाय आजचे बहुतेक लॅपटॉप केवळ यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात आणि विंडोज ७ ला लागणारी जुनी बायोस पद्धत त्यांत ठेवलेलीच नसते. त्याची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, ते वेगळेच.

विंडोज १० बहुतेक यंत्रांवर बसते. मात्र त्याचाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. दुसरा मुद्दा परवान्याचा आहे. लॅपटॉपसोबत विंडोज ११ प्रो आले असेल तर त्याच परवान्यावर विंडोज १० प्रो वापरण्याचा हक्क मिळतो, होम आवृत्तीला तो हक्क नाही. पाचशे रुपये ही बसवण्याची मजुरी आहे, त्यात परवाना येत नाही, हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे. दहा दिवसांच्या आत मागे जाण्याची जी सोय सेटिंग्जमध्ये असते, तीही ज्यांनी त्याच यंत्रावर विंडोज १० वरून ११ घेतले त्यांच्यासाठीच आहे. आपले यंत्र ११ घेऊनच आले, त्यामुळे ती आपल्याला उपलब्ध होणार नाही.

तरीही करायचेच ठरवले तर काही गोष्टी आधी कराव्यात, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा लॅपटॉपांत बहुतेक नुकसान घाईमुळे झालेले असते. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) सुरू आहे का ते पाहून, सुरू असल्यास ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. मोठ्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हवर विंडोज ११ ची रिकव्हरी ड्राइव्ह तयार करून ठेवावी, कारण नवे विंडोज बसवताना सर्व पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसली तर कंपनीने दिलेले रिकव्हरी पार्टिशनही जाते आणि मग मूळ स्थितीत परतण्याचा सोपा मार्ग उरत नाही. वाय-फायचा ड्रायव्हर वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावा. तो नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून तात्पुरते इंटरनेट घेता येते. इंटेलच्या ११ व्या आणि त्यापुढील पिढीच्या प्रोसेसरवर बसवताना अनेकदा डिस्कच दिसत नाही आणि लोक डिस्क खराब असल्याचे समजून घाबरतात. तेथे डिस्क हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय सुरू असते. तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, यूईएफआय असले तरी त्यांना बायोसच म्हणतात) ती बंद करूनही डिस्क दिसते, परंतु असलेले विंडोज ११ त्यानंतर सुरू होत नाही, म्हणून जुने पुसायचे निश्चित झाल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच काम सुरू करावे.

उत्तर : संगणकशास्त्राचे अध्यापक, परभणी

नांदेडच्या सरांनी सांगितलेली काळजी योग्यच आहे, परंतु त्याआधी एक प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटते. आपल्या जुन्या संगणकावरील विंडोज ७ हे ३२ बिट होते की ६४ बिट, म्हणजे विंडोजच्या या दोन प्रकारांपैकी कोणते? ‘कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहावे. नव्या लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलपुढे काय दिसते, हेही कळवावे.

प्रश्नकर्ते, उदगीर

आज संगणक सुरू झाला, म्हणून लगेच पाहून घेतले. विंडोज ७ हे ३२ बिट आहे आणि ते आम्ही त्या काळी पेटीबंद, स्वतंत्र विकत घेतले होते. डिस्क व क्रमांक दोन्ही जपून ठेवले आहेत. नव्या लॅपटॉपवर डोंगलपुढे पिवळा त्रिकोण आणि कोड २८ दिसतो. सॉफ्टवेअरच्या सीडीवर ड्रायव्हरचा एकच संच आहे.

उत्तर : संगणकशास्त्राचे अध्यापक, परभणी

तर मग विंडोज १० टाकून आपला प्रश्न सुटणार नाही, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

साधा ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतो, म्हणूनच आपले पेजमेकर उघडले. ड्रायव्हरचे तसे नसते, कारण तो विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि ६४ बिट गाभा ३२ बिट ड्रायव्हर स्वीकारतच नाही. कोड २८ चा अर्थ ड्रायव्हर बसलेलाच नाही, असा आहे. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच आहे. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे, परंतु ६४ बिट यूईएफआय असलेला लॅपटॉप ती थेट सुरू करू शकत नाही. म्हणजे दुकानातील मुलगा जे विंडोज १० टाकून देईल ते ६४ बिटच असेल आणि पिवळा त्रिकोण जेथे आहे तेथेच राहील. पाचशे रुपये, मूळ विंडोज आणि लग्नसराईतील दोन दिवस मात्र जातील. लेसर प्रिंटरचाही ६४ बिट ड्रायव्हर निघालेला नसेल, तर त्याची अडचणही हीच आहे.

सर्वांत आधी डोंगल तयार करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते पाहावे. अनेकदा सॉफ्टवेअरची सीडी जुनी असते, पण डोंगलचा ड्रायव्हर नंतर निघालेला असतो. तो मिळाला आणि तरीही अडला, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ सुरू आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा सुरूच असते आणि जुन्या घडणीचे ड्रायव्हर अडवते. ती बंद केल्याने संरक्षण कमी होते, त्यामुळे हा उपाय मी शेवटचाच मानतो.

ड्रायव्हर मिळालाच नाही तर विंडोज ११ तसेच ठेवून त्यावर व्हर्च्युअलबॉक्स हे संगणकातच दुसरा आभासी संगणक उभा करणारे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्यात आपले ३२ बिट विंडोज ७ बसवावे. या आभासी संगणकाला लॅपटॉपचे खरे फर्मवेअर (यूईएफआय) दिसत नाही, त्याला दिसते ते व्हर्च्युअलबॉक्सने उभे केलेले साधे यंत्र. म्हणून जे लॅपटॉपवर थेट बसत नाही ते येथे बसते. त्याला २ जीबी रॅम पुरेशी आहे. यूएसबीच्या यादीतून डोंगल आणि प्रिंटर त्या आभासी संगणकाकडे सोपवता येतात. काही डोंगल आभासी यंत्र ओळखून काम नाकारतात, तेव्हा प्रथम एका फाइलवर प्रयोग करावा. आपली प्रत पेटीबंद असल्यामुळे जुन्या संगणकावरून काढून येथे वापरता येते, यंत्रासोबत आलेल्या प्रतीला ही मुभा नसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचे चिन्ह दिसले आणि काम संथ वाटले, तर विंडोज ११ चा स्वतःचा हायपरव्हायजर (आभासी यंत्रे चालवणारा भाग) आड येत आहे असे समजावे. पत्रिकेच्या कामाला तेवढा वेगही पुरतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. त्या विंडोज ७ चे नेटवर्क बंद ठेवावे आणि फाइलींची नेआण पेन ड्राइव्हने करावी.

उत्तर : अक्षरजुळणी व मुद्रितशोधन, छत्रपती संभाजीनगर

परभणीच्या सरांचा उपाय मी स्वतः वापरला आहे आणि तो चालतो. तरीही दादा, माझी एक कळकळीची विनंती आहे. डोंगल चालू असेपर्यंतच जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. डोंगल एके दिवशी निकामी होईल, तेव्हा ७ असो की ११, त्या फाइली वाचता येणार नाहीत.

आपल्याला जी इंग्रजी अक्षरे दिसतात तो बिघाड नाही. त्या जुन्या अक्षरसंचांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी वळणे बसवली होती, आणि फाइलमध्ये साठले आहेत ते त्या जागांचे क्रमांक. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच राहतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होत असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. ‘कीर्तन’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द हमखास बिघडतात. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकार महाराजांच्या नावातील रफार सरकला तर गावात किती बोलणी बसतात, हे आपण जाणताच. म्हणून रूपांतरानंतर छापील प्रत काढून दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी. माझ्याकडे स्मरणिकेच्या एका पानाला रूपांतर क्षणभराचे आणि शोधन पंधरा मिनिटांचे, असे प्रमाण पडले.

युनिकोड मजकुरासाठी पेजमेकर मात्र उपयोगाचे नाही, ७.० ही त्याची २००१ सालची शेवटची मुख्य आवृत्ती आहे. पुढील मांडणीसाठी देवनागरी नीट जोडणारे नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल. टंकनासाठी विंडोजमध्येच इन्स्क्रिप्ट कळफलक आहे.

प्रश्नकर्ते, उदगीर

सर्वांचे मनापासून आभार. दुकानातील मुलाला नको म्हणून कळवले. डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर कोठेच मिळाला नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ बसवले. पहिल्या प्रयत्नात डोंगल दिसले नाही. बायोसमध्ये नव्हे, व्हर्च्युअलबॉक्सच्याच यूएसबी यादीत ते निवडायचे राहिले होते. आता सॉफ्टवेअर उघडते, फाइली पूर्वीसारख्या मराठीत दिसतात आणि जुना प्रिंटर त्यातूनच छापतो. कासव दिसते, पण कामाचा खोळंबा होत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या ताईंचे म्हणणे वडिलांना वाचून दाखवले. दरवर्षी ज्यांत केवळ तारखा आणि महाराजांची नावे बदलतात, त्या सप्ताहाच्या पत्रिका आधी युनिकोडमध्ये घेण्याचे ठरले आहे. शोधन वडीलच करणार आहेत. काल अकरा पत्रिका झाल्या आणि तीन ठिकाणी रफार हलवावा लागला.