मदत हवी आहे: इलस्ट्रेटरमधली जाळी लेझरवाल्याच्या कोरलमध्ये गेली की फुटते

लश्करची_रेघ:

मंडळी, नमस्कार. आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मंडळाने यंदा थर्माकोलला रजा देऊन 6 मिमी एमडीएफचं मखर करायचं ठरवलंय. मागची पाठ आठ फुटी, दोन बाजू, आणि तिन्हींत आरपार जाळी. हजिऱ्याला मुहम्मद गौसच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना धाटणी लगेच कळेल. (तानसेनाच्या समाधीपर्यंत जाऊन शेजारची ही इमारत न बघता परतणारेही आहेत, त्यांना काय म्हणावं!) हुबेहूब नक्कल नाही, षटकोन-त्रिकोणांची साधी जाळी आहे.

इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एका तुकड्याचा पॅटर्न स्वॉच (पुन्हा पुन्हा भरला जाणारा नमुना) केला, तो महिरपीत भरला, वर क्लिपिंग मास्क (बाहेरचं झाकणारा आकार). पट्ट्या म्हणजे 12 मिमी जाडीचे स्ट्रोक, म्हणजे रेघा. इथवर देखणं काम.

लेझरवाल्याकडे कोरल हा तसाच दुसरा प्रोग्रॅम आहे, तोही जुना. माझी इलस्ट्रेटरची (.ai) फाइल तो घेईना म्हणून पीडीएफ दिली. पडद्यावर छान दिसली. त्याने वायरफ्रेम (रंग काढून नुसत्या रेघा दाखवणारं दृश्य) लावलं आणि म्हणाला, "दीदी, इसमें तो डिब्बे ही डिब्बे हैं." खरंच, जाळीवर चौकोनांचं जाळं, महिरपीबाहेरही रेघा. मग एसव्हीजी फाइल करून इंकस्केप या तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर 2440 मिमीची पाठ 1830 ची झाली, आणि नोड (रेघेवरचे बिंदू) हलवायच्या टूलने जाळीला हातच लागेना, फक्त महिरपीचे नोड दिसतात.

वरच्या पट्टीत "॥ श्री गणेशाय नमः ॥" आहे. फॉन्टचे आउटलाइन (अक्षरांचे आकार) केलेत, तरी कोरलमध्ये प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी रेघ दिसते. ती कापली गेली तर अक्षरं सुटी होतील ना?

जाळी खरीखुरी, कापता येईल अशी कशी न्यायची? जाणकारांनी सांगावं.

नोडमास्तर:

आधी सोपं. 2440 चे 1830 म्हणजे बरोबर पाऊणपट. इलस्ट्रेटर एका इंचात 72 पिक्सेल धरून एसव्हीजी लिहितो, इंकस्केप 96 धरून वाचतो. तुमच्या मित्रमंडळींत कोणाकडे 0.92 च्या आधीचं इंकस्केप असेल तर तिथे 90 धरलेले असतात, मग आकार 80 टक्के येईल. त्यामुळे "133.33 टक्के वाढवा" हा उपाय पाठ करू नका. एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळींतली रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहा, तिथल्याच व्ह्यूबॉक्सच्या (viewBox) आकड्यांना हात लावू नका. कुठलाही प्रोग्रॅम मग तेच माप वाचेल.

डबे कुठून आले? क्लिपिंग मास्क काही कापत नाही, फक्त झाकतो. झाकलेलं सगळं फाइलमध्ये तसंच असतं आणि मास्कचा आकारही असतो, बिनरंगाचा. छापताना कोणाला कळत नाही. लेझरला मात्र रंगाशी देणंघेणं नाही, त्याला रेघ दिसली की तो कापतो. पॅटर्न एक्स्पांड केला, म्हणजे सुट्या आकारांत मोडला, की प्रत्येक तुकड्यासोबत असा एक चौकोन येतो. फाइल देण्याआधी इलस्ट्रेटरमध्येच कंट्रोल-वाय दाबून नुसत्या रेघा बघत जा, लेझरवाल्याने हसायच्या आत कळेल.

इंदूरी_प्लॉटर:

ताई, आमचा इंदूरला व्हिनाइल कटिंगचा धंदा आहे, रोज हेच भोगतो. क्रम महत्त्वाचा. पॅटर्न एक्स्पांड करा, सगळे मास्क सोडवा, रिकामे चौकोन निवडून उडवा. मग आउटलाइन स्ट्रोक (रेघेच्या जाडीचा आकार करणं), मग पाथफाइंडरचं युनाइट (सगळे आकार एकात मिळवणं). त्यानंतरच महिरपीशी इंटरसेक्ट, म्हणजे महिरपीच्या आतलं तेवढंच ठेवणं. स्ट्रोक ही नुसती मधली रेघ असते, जाडी दिसते पण आकार नसतो. ती तशीच गेली तर मशीन पट्टीच्या मधून कापत जाईल. आणि आउटलाइन करून युनाइट विसरलात तर जिथे पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे प्रत्येक ठिकाणी काप बसेल, हातात जाळी नाही, काड्यांचा ढीग येईल.

शिरोरेषेचंही तेच. आउटलाइन केल्यावर प्रत्येक अक्षर वेगळा आकार असतो, शेजारच्यावर थोडा चढलेला. युनाइट करा, कोरलमध्ये त्याला वेल्ड म्हणतात. छापखान्याला फरक पडत नाही म्हणून हे कोणी सांगत नाही.

कोरलसाठी सेव्ह ॲज करताना इलस्ट्रेटरची जुनी आवृत्ती निवडा, किंवा ईपीएस. ईपीएसला पारदर्शकता कळत नाही, सावली वगैरे असेल तर चित्राचे तुकडे करून टाकतो. पण तुमच्याकडे सपाट काळे आकार आहेत, तिथे बिनधास्त.

लश्करची_रेघ:

दोघांचे मनापासून आभार. डबे गेले, माप बरोबर आलं. पण युनाइटनंतर जिथे पॅटर्नचे दोन तुकडे जुळतात तिथे केसाएवढ्या फटी राहिल्यात. त्या जाव्यात म्हणून सिम्प्लिफाय (नोड कमी करणारी कमांड) लावलं तर सरळ पट्ट्यांना पोक आलं. आता?

नोडमास्तर:

सिम्प्लिफाय इथे नकोच. ते ट्रेस केलेल्या, हजारो नोडांच्या चित्रासाठी. भूमितीला ते बिघडवतं.

फटी येतात कारण तुकड्याच्या कडेला स्ट्रोक संपतो आणि पुढच्या तुकड्यात नवा सुरू होतो. दोन्ही फक्त टेकतात, एकमेकांत शिरत नाहीत. दशांशाच्या कुठल्याशा घरात फरक पडला की फट. तुकडे सांधत बसण्यापेक्षा मी स्वॉचच फेकून देईन. षटकोन-त्रिकोणांची जाळी म्हणजे मुळात तीन दिशांच्या लांबच लांब समांतर रेघा. एक आडवी रेघ काढा, पाठीपेक्षा बरीच लांब. ट्रान्सफॉर्म इफेक्टने सारख्या अंतरावर तिच्या प्रती करा, एक्स्पांड अपिअरन्स, मग तो अख्खा गट 60 आणि 120 अंशांत फिरवून आणखी दोन गट. एक गंमत: तिन्ही गटांच्या रेघा एकाच बिंदूत मिळाल्या तर नुसते त्रिकोण होतात. तिसरा गट अर्ध्या अंतराने सरकवा, षटकोन आपोआप उघडतील.

मग आउटलाइन स्ट्रोक आणि युनाइट. सांधाच नाही म्हणजे फट नाही, आणि नोड फक्त कोपऱ्यांवर. अशी फाइल कोरल, इंकस्केप, डीएक्सएफ (कॅडवाल्यांची फाइल), कुठेही जाते. डीएक्सएफ मागितलीच तर एकक मिमी आहे हे तोंडी सांगा. इंच धरले गेले तर 25.4 पटींचा घोळ होतो.

महिरपीने कापल्यावर पट्ट्यांची टोकं लोंबती राहतील, म्हणून कडेला 25-30 मिमीची चौकट काढून तीही युनाइटमध्ये घ्या.

लश्करची_रेघ:

केलं! वायरफ्रेममध्ये षटकोन, त्रिकोण आणि चौकट, बाकी काही नाही. फाइल एवढीशी झाली. फक्त अक्षरांचं राहिलं: वेल्ड केल्यावर शब्द एकसंध झाले, पण विसर्गाचे ठिपके आणि दोन्हीकडचे दंड शिरोरेषेला कुठेच चिकटत नाहीत. पूल जोडले तर विसर्ग विचित्र दिसतो.

इंदूरी_प्लॉटर:

पूल नका जोडू, नमः चं भलतंच काही वाचलं जाईल. अक्षरं 3 मिमीच्या एमडीएफमधून वेगळी कापून घ्या आणि वरची पट्टी भरीव ठेवून त्यावर चिकटवा. ठिपक्यांची जागा चुकू नये म्हणून तीच ओळ खऱ्या मापात कागदावर छापून पट्टीवर ठेवा. आणि पूर्ण पाठ कापण्याआधी जाळीचा फूटभर तुकडा कापून मागा, लेझरवाले सहसा नाही म्हणत नाहीत.