एक्सेसिबल बेज की किलिम बेज?

प्रश्न : बैठकीच्या खोलीच्या भिंतींसाठी शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीच्या एक्सेसिबल बेज आणि किलिम बेज या दोन छटांपाशी निर्णय अडला आहे. त्यांची प्रकाश-परावर्तन मूल्ये अनुक्रमे ५८ आणि ५७ आहेत, आणि शेडकार्डावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. खिडकी उत्तरेला आहे, जमीन तांबूस लाकडाची आहे. निवड कशावरून करावी?

उत्तर : ही मूल्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, म्हणजे ० ते १०० या पट्टीवर, रंग किती उजेड परत फेकतो एवढेच सांगतात, खरा फरक आतल्या झाकेत आहे. दोन्ही तुकडे कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले, तर एक्सेसिबल बेज करड्याकडे आणि किलिम बेज नारिंगी-गुलाबीकडे झुकलेला दिसेल. तांबूस जमिनीवरून परतणारा उजेड भिंतीच्या खालच्या भागावर पडतो, त्यामुळे तिथे किलिम बेज थेट पीच वाटू लागण्याची शक्यता आहे. मी एक्सेसिबल बेज निवडेन.

उत्तर : जमिनीबद्दलचा मुद्दा मान्य, पण खिडकीचाही विचार व्हावा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसे येत नाही, आकाशाचा निळसर उजेडच येतो, आणि त्यात करडी झाक असलेला बेज उदास दिसू शकतो. शिवाय २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या, दिव्याखाली दोन्ही छटा पिवळसर होतील आणि ४००० केल्विनच्या, म्हणजे अधिक पांढऱ्या उजेडाच्या, दिव्याखाली पुन्हा वेगळ्या दिसतील, म्हणून दिवे ठरल्याशिवाय रंग ठरवू नये.

उत्तर : वरील दोन्ही उत्तरे बरोबर असल्यामुळेच नमुना पाहणे आवश्यक आहे. जुन्या भिंतीवर छोटे ठिगळ लावू नका, कारण भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर कडेला कोरी पट्टी सोडून प्रत्येक छटेचे दोन हात द्या, आणि भिंतीला मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग, द्यायचा असेल तर नमुनाही मॅटमध्येच घ्या. पूर्ण वाळल्यावर पुठ्ठे जमिनीला टेकवून उभे करा, एकदा खिडकीच्या समोरच्या भिंतीशी आणि एकदा खिडकीच्याच भिंतीशी, जिथे उजेड सर्वांत कमी असतो. दिवसा आणि दिवे लावल्यावरही पाहा. चारही भिंती रंगल्यावर त्या एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर पुसटशी जाणवणारी गुलाबी झाक खोलीत अधिक गडद होईल. ती पुठ्ठ्यावरच खटकत असेल, तर किलिम बेज सोडून द्यावा.

प्रश्नकर्ता : चौकटी आणि छताची पट्टी शुभ्र पांढरी आहे. तिचा परिणाम होईल का?

उत्तर : होईल. थंड, निळसर पांढऱ्याशेजारी कोणताही बेज अधिक पिवळा दिसतो. पुठ्ठा चौकटीला लावूनही पाहा.