मदत हवी आहे: कल्टार बंद केलं आणि हापूस रुसला, आता काय करू?

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला, वय २७. भांडुपची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी आलो. कातळावर सुरुंग लावून आजोबांनी केलेल्या खड्ड्यांत आमची हापूसची ६२ कलमं आहेत. मधली बरीच वर्षं बाग करारावर होती. करारवाल्याला त्याच्या सालापुरतं उत्पन्न हवं असतं, त्यामुळे कल्टार (मोहोरासाठी झाडाच्या मुळाशी ओततात ते रसायन) किती ओतलं याचा हिशोब आमच्याकडे नाही. शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिलीची. बाबा म्हणतात, मापाने ओतताना कोणाला बघितलं नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नैसर्गिक शेतीचं सात दिवसांचं प्रशिक्षण केलं. छान होतं, उगाच नावं ठेवणार नाही. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती, असं जीवामृत स्वतः ढवळलं. आलो तो भारावूनच. करार मोडला आणि कल्टार, खतं, फवारण्या सगळं एका झटक्यात बंद केलं.

दिवाळीनंतर चाळीसेक कलमांवर नुसती पालवी. उरलेल्यांवर मोहोर उशिरा आला आणि त्यावर तुडतुडे (रस शोषणारे किडे) नि भुरी (पांढरी बुरशी) तुटून पडले. पेट्या निघाल्या १९. आदल्या वर्षी करारवाल्याने किती काढल्या ते इथे लिहीत नाही, घरी रोज ऐकतोच. "तुझी वही बघून झाडां मोहोरतली काय?" हे बाबांचं पेटंट वाक्य.

शिकवणारे घाटावरचे होते, उदाहरणं काळ्या जमिनीची. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस. जुलैत घातलेलं माझं जीवामृत व्हाळातून सरळ खाडीत गेलं असणार, तिथले खेकडे मात्र जोमात असतील. आच्छादनाचंही तेच. पातेरा आणि गवत झाडाखाली पसरलं, मार्चमध्ये शेजारच्या सड्यावरून वणवा आला नि चार कलमं होरपळली.

आता जुलै तोंडावर आलाय आणि बाबांना पुन्हा कल्टार हवंय. निदान अर्ध्या बागेत द्यावं का? कोणी असा बदल कोकणात करून बघितलाय का? यूट्यूबची लिंक नको, अनुभव हवा.

प्रतिसाद, राजापूरकर:
दादा, आधी पालवीला घाबरणं सोड. कल्टार झाडाची वाढ रोखूनच मोहोर आणतं. तो लगाम सुटला की पालवी येणारच, शिवाय हापूस मूळचाच वर्षाआड धरणारा. चूक एकच, सगळी बाग एकदम सोडलीस. मी वीस-वीस कलमं करत सोडली, म्हणून घर चाललं. सेंद्रिय प्रमाणपत्र डोक्यात असेल तर फळझाडांना तीन वर्षांचा बदलाचा काळ धरतात, आणि आता कल्टार दिलंस तर तो तिथपासून पुन्हा मोजावा लागेल.

औषधापेक्षा कोयता आधी घे. आंबे उतरलेत तर झाडाच्या मधल्या दाट फांद्या काढ, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लाव. आत ऊन-वारा खेळला की तुडतुडे आणि भुरी निम्म्याने हटतात. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, सेंद्रियातही चालतं. फळमाशीला दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा लाव. जीवामृत पावसाचा जोर ओसरल्यावर, ओल असतानाच दे. बांधावर गिरिपुष्प लाव, त्याचा पाला फुकटचं खत. आणि होळीआधी बागेच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा पार स्वच्छ कर, सुकं गवत बुंध्यापासून लांब ओढ. वाळवीही त्यातूनच चढते.

धागाकर्ता:
आभारी आहे. बाबांना वाचून दाखवलं. कल्टारवर काही बोलले नाहीत, पण कोयत्याचं ऐकून म्हणाले, "फांदी खंयची तोडूची ता तुका कळाचा नाय. मी येतंय." वीस कलमं त्यांच्या मनासारखी, बाकीची माझी, असं ठरतंय बहुतेक. एक राहिलं: गंधक भर दुपारी फवारलं तर मोहोर करपतो असं ऐकलंय. तुम्ही सकाळी मारता की उन्हं उतरल्यावर?