त्वचेआधी हुंकारा
आभासी माणूस, म्हणजे संगणकाने पडद्यावर उभं केलेलं बोलणारं पात्र, खरा वाटायचा तर त्वचा आणि केस हुबेहूब हवेत असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. चेहरा जितका हुबेहूब, तितकी त्यातली बारीकशी चूकही डोळ्यांत खुपते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवांबद्दल हेच १९७० मध्ये मांडलं होतं.

समोरचा आपलं ऐकतोय असं वाटतं का, खरी परीक्षा तिथे आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट फॉर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजमधली 'एली' ही आभासी मुलाखतकार बघा. दिसायला ती सरळसरळ ग्राफिक्स. पण बोलता बोलता तुम्ही अडखळलात, तर ती मान हलवते, हुंकारा देते आणि थांबते. २०१४ च्या अभ्यासात २३९ जण अशा आभासी मुलाखतकाराशी बोलले. काहींना सांगितलं होतं की मागून माणूस चालवतोय, बाकीच्यांना की सगळं संगणकच करतोय. संगणकच आहे असं मानणाऱ्यांना मन मोकळं करायची भीती कमी वाटली, त्यांच्या चेहऱ्यावर दुःखही जास्त उमटलं. मनातलं कुणाजवळ बोलता न येणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मराठी बोलणारं पात्र करणार असाल तर आधी 'हं', 'बरं', 'मग?' कुठे आणि किती वेळाने यायला हवेत ते खऱ्या गप्पा रेकॉर्ड करून मोजा. केसांचं नंतर बघू.